‘स्टार वॉर्स’चा मूळ पाठ : दोन उद्धार-प्रयत्नांचें परीक्षण

चित्रपटाची चर्चा या त्रैमासिकांत कशास, असें कित्येक वाचक म्हणतील. परंतु प्रश्न पाठनिर्णयाचा आहे. आणि पोथी ताडपत्रावर असो कीं फिल्मच्या पट्टीवर, तिचे रोग तेच.

जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ अमेरिकेंत २५ मे १९७७ रोजीं प्रदर्शित झाला. १९८१ सालीं त्याच्या आरंभीं ‘चौथा भाग’ हा मथळा शिरला. १९९७ सालीं संगणकाच्या साह्यानें नवीं दृश्यें भरण्यांत आलीं. एकच स्थळ पाहावें. मद्यगृहांत ग्रीडो हा हान सोलोस अडवितो. मूळ पाठांत सोलो एकटाच शस्त्र झाडतो. १९९७ त ग्रीडो आधीं झाडतो व चुकतो. २००४ त दोघे जवळजवळ एकदम. २०१९ त ग्रीडोच्या तोंडीं एक नवाच शब्द येतो. या प्रक्षेपानें बेफिकीर तस्कर आत्मरक्षक सज्जन बनतो, आणि पुढें त्याच्यांत होणारा पालट फिका पडतो.

कर्त्यानेंच घातलेलें तें प्रक्षिप्त कसें, असा आक्षेप येईल. नवा पाठ करण्याचा अधिकार कर्त्यास आहेच; जुना नाहींसा करण्याचा नाहीं. १९९७ च्या वेळीं मूळ निगेटिव्हच नव्या पाठाप्रमाणें जुळविण्यांत आली, म्हणजे आदर्श प्रतीवरच हरताळ फासला गेला! परकृतींत मालकांनीं फेरफार करूं नयेत अशी साक्ष १९८८ सालीं अमेरिकन काँग्रेसपुढें देणारे गृहस्थ हेच. २००६ च्या डीव्हीडींत मूळ पाठ दिला, तोही १९९३ च्या लेझरडिस्कसाठीं केलेल्या अस्पष्ट प्रतीवरून.

तेव्हां हें काम रसिकांनीं, मालकाच्या अनुज्ञेवांचून, हातीं घेतलें. ‘डिस्पेशलाइज्ड एडिशन’ ही संमिश्र प्रत : अधिकृत ब्लू-रे पायास घेऊन प्रक्षिप्त भाग काढले व रिकाम्या जागा इतर साधनांतून भरल्या. कौशल्य असामान्य आहे. तथापि भांडारकर संस्थेच्या महाभारतांत संपादकाची निवड तळटीपांवरून श्लोकाश्लोकास पडताळतां येते. येथें पडद्यावर सांधा दिसूं नये हेंच यश. परिणामीं जो पाठ सिद्ध होतो तो या रूपांत कोणत्याही चित्रगृहांत दाखविला गेलेला नव्हता.

‘४के७७’ चा मार्ग निराळा. १९७७ च्या ३५ मिलिमीटर टेक्निकलर प्रदर्शन-प्रतीवरून बहुतेक सर्व पाठ उतरून घेतला आहे. त्या पद्धतीच्या प्रतींचे रंग इतर प्रतींप्रमाणें लवकर उडत नाहींत, म्हणून रंगाविषयीं तिची साक्ष विशेष मोलाची. ओरखडे आहेत, कण आहेत, असूं द्यावेत. कसरीचीं भोकें बुजवून छापलेल्या पोथीपेक्षां भोकांसह छापलेली आम्हांस अधिक विश्वसनीय वाटते.

एक उणीव मात्र दोन्हींच्या चाहत्यांत आढळते. ते ‘मूळ प्रत’ असें एकवचनीं बोलतात. वस्तुतः १९७७ सालींच सत्तर मिलिमीटरचा, पस्तीसचा स्टीरिओ व मोनो असे निरनिराळे ध्वनिपाठ प्रचारांत होते. मोनोंत तर बेरूमावशीचा आवाजही वेगळा आहे. संग्राहकांनीं चित्रासारखीच ध्वनीचीही वंशावळ स्वतंत्र लावावी.