हा पोटासाठी काय करतो?

आमचं घर भिवंडीत, कामतघरला, यंत्रमागांच्या कारखान्याला पाठ लावून. दिवसपाळी असो की रातपाळी, मागांची खडखड चालूच असते आणि फडताळातल्या वाट्या एकमेकींवर हलक्या वाजत राहतात. टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी निम्मे संवाद त्या खडखडीत जातात. कोरियन मालिका आमच्या घरात रुजल्या त्याचं पहिलं कारण हेच, की त्या वाचता येतात. पडद्याच्या तळाशी ओळ येते, मागांनी कितीही गोंगाट केला तरी ती जागची हलत नाही.

आई शेजारी बसते. तिने उमेदीच्या काळात घरी बसून मागांसाठी कांड्या भरल्या आणि संध्याकाळी वाचन मंदिरातून आणलेल्या फडक्यांच्या, काकोडकरांच्या कादंबऱ्या वाचल्या. डब केलेले हिंदी आवाज तिला परके वाटतात, इंग्रजी तिला येत नाही. म्हणून इंग्रजी ओळ मी वाचते आणि मराठीत मोठ्याने सांगते. नवा नायक पडद्यावर आला की आई हटकून विचारते, "हा पोटासाठी काय करतो गं?"

बऱ्याच मालिका पाहून झाल्यावर मला वाटायला लागलं आहे की कोरियन प्रेमकथा जोखण्याची याहून चांगली कसोटी नाही. ज्या मालिकेत दोघांच्या पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे, तिथे प्रेमही खरं उतरतं. जिथे नायकाच्या आजोबांची कंपनी सगळी बिलं भरते, तिथे छत्री, बर्फ, चेरीचा बहर सगळं असूनही आत काही हलत नाही.

भारतात या मालिका काही कालपरवा आल्या नाहीत. मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमा-मालिकांवर बंदी घातली आणि ती पोकळी कोरियन वाहिनीने आणि सीडींनी भरून काढली. दूरदर्शनने २००६ मध्ये 'एम्परर ऑफ द सी' दाखवली, पुढे राजवाड्यातल्या स्वयंपाकघरापासून सुरू होणारी 'ज्वेल इन द पॅलेस' दाखवली. पण आमच्यासारख्या घरांत त्या शिरल्या त्या २०२०च्या टाळेबंदीत. माग बंद, गोदामं बंद, परप्रांतीय कामगार गावाकडे निघालेले. भिवंडीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. त्या वर्षी नेटफ्लिक्सवर भारतात कोरियन मालिका पाहण्याचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा ३७० टक्क्यांनी वाढलं, असं त्या कंपनीनेच सांगितलं. त्यात आमचाही वाटा होता. आता पद्मानगरातली माझी मैत्रीण तेलुगूतून पाहते, कारखान्यात माझ्यासोबत हिशेब लिहिणारी मुलगी हिंदीतून, आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघी एकाच नायकाबद्दल भांडतो.

पहिलं भांडण २००९च्या 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स'वरून झालं. एका जपानी चित्रकथेवरून केलेली ही मालिका अजूनही मुली जिवाभावाने पाहतात. नायिका जान-दी कपडे धुऊन देणाऱ्या दुकानदाराची मुलगी आणि नायक जुन-प्यो अफाट श्रीमंत घरातला. शाळेत एखाद्याच्या कपाटात तो लाल कार्ड लावतो आणि सगळी शाळा त्या मुलाच्या मागे लागते. हाच मुलगा पुढे जान-दीच्या प्रेमात पडतो, तिला मनगट धरून ओढत नेतो, न विचारता तिचे कपडे बदलवतो, आणि हे सगळं प्रेम म्हणून आपल्यापुढे ठेवलं जातं. मला हे तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. छळ करणारा मुलगा मनातून हळवा असतो, ही समजूत वयात येणाऱ्या मुलीच्या मनात पेरणं हा दोष आहे, आणि ली मिन-होच्या देखणेपणाने तो धुऊन निघत नाही. मात्र त्याच मालिकेतला एक प्रसंग आईला आजही आठवतो. जुन-प्योची आई पैसे घेऊन जान-दीच्या घरी येते आणि मुलीला आमच्या वाटेतून दूर करा म्हणते. तेव्हा जान-दीची आई उठते आणि त्या शेठाणीच्या डोक्यावर मीठ ओतते. कोरियात अमंगळ घालवायला मीठ टाकतात. आपण मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतो, त्यामुळे आईला काही समजावून सांगावं लागलं नाही. "बरं केलं," एवढंच ती म्हणाली.

जुन-प्योपासून आजच्या नायकापर्यंत ही कला बरीच पुढे आली आहे. मनगट धरून ओढणारा नायक आता जुनाट वाटतो आणि लेखकांनाही ते कळलं आहे. कोरियन मालिकेत लेखकाचं नाव नटाइतकं मोठं असतं आणि त्यातली कितीतरी मोठी नावं स्त्रियांची आहेत. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' पार्क जी-उनची, 'गोब्लिन' किम उन-सूकची. प्रेक्षक लेखिकेच्या नावावर मालिका निवडतात. गोष्टही बहुधा सोळा भागांची असते आणि तिला शेवट असतो. आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, ३०००हून अधिक भाग. रोज नवा भाग द्यायचा म्हटल्यावर सून सुखी होऊन चालत नाही, कारण ती सुखी झाली की गोष्ट संपते. आपले नट कमी नाहीत आणि लेखकही कमी नाहीत, हे मी ठामपणे म्हणते. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपली. घना आणि राधा यांचं ते कराराचं लग्न लोकांना अजून आठवतं. थांबायचं कुठे हे ठरवून लिहिलेली गोष्ट आपणही करू शकतो, याचा तो पुरावा आहे.

घना-राधानंतर पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, कोरियात कराराच्याच लग्नाची 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' आली. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतल्या सर्वांत प्रामाणिक प्रेमकथांपैकी ती एक आहे. नायिका जी-हो मालिकांच्या लेखकाच्या हाताखाली काम करते. ज्या घरात ती धाकट्या भावासोबत राहते ते घर, भावाचं लग्न होताच, वडील भावाला देतात. राबली ती, पण घर मिळालं मुलाला. तिकडे नायक से-हीने स्वतःचा फ्लॅट घेतला आहे आणि त्याचं कर्ज २०४८ साली फिटणार आहे. त्याला हवी आहे वेळेवर भाडं देणारी, कचरा नीट वेगळा करणारी आणि मांजराकडे बघणारी भाडेकरू. दोघं लग्न करतात ते घरासाठी. २०४८ हा आकडा ऐकून आमच्या कारखान्यातली मुलगी हसली नाही. तिच्या मोठ्या भावाने काल्हेरला घेतलेल्या वन रूम किचनच्या हप्त्यांचं वर्षही तिला तोंडपाठ आहे. प्रेम तिथे येतं ते फार हळू, जवळजवळ संकोचून, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

'क्रॅश लँडिंग ऑन यू' त्या मानाने परीकथा. दक्षिण कोरियाची उद्योजिका से-री वादळात पॅराग्लायडरसह उत्तर कोरियात पडते आणि कॅप्टन री तिला आपल्या घरात लपवतो. पण पार्क जी-उनने त्या परीकथेला गाव दिलं. वीज जाते, बायका एकत्र किमची घालतात, एकमेकींच्या घरात काय चाललंय यावर डोळा ठेवतात. आमच्या शहराने भारनियमनाची वर्षं काढली आहेत. वीज गेली की मागांचा आवाज एकदम थांबायचा आणि गल्लीतून माणसांचे आवाज यायचे. तो अंधार पडद्यावर बघताना आई म्हणाली, "अगदी असंच." आणि मग तो मेणबत्तीचा प्रसंग. से-रीला सुगंधी मेणबत्ती हवी असते, कॅप्टन भाबडेपणाने साधी आणतो. पुढे ती रात्रीच्या बाजारात गर्दीत हरवते, घाबरून उभी राहते, आणि माणसांच्या डोक्यांवरून एक हात वर आलेला दिसतो. हातात पेटती मेणबत्ती, या वेळी सुगंधी. तो तिला हाका मारत नाही, धावतही नाही. तिला दिसेल इतक्या उंच हात धरून फक्त उभा राहतो. तिची एक बारीक मागणी त्याने किती दिवस मनात ठेवली, हे एका हाताच्या उंचीतून सांगितलं जातं.

याच काळातली दुसरी वाट मला निराश करते. २०१८च्या 'व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम'ने यश मिळवलं आणि साहेब-सेक्रेटरीचा साचा पक्का झाला. 'बिझनेस प्रपोजल' २०२२ची, 'किंग द लँड' २०२३ची. दोन्ही हसतखेळत बघता येतात, पण 'किंग द लँड'मध्ये हॉटेलात दिवसभर उभं राहून हसणाऱ्या मुलीचे पाय दुखतात तेव्हा कथा क्षणभर जागी होते आणि पुढच्याच क्षणी वारसदार हेलिकॉप्टर घेऊन येतो. दुखणाऱ्या पायांवरचा उपाय श्रीमंत नवरा असं सांगणारी गोष्ट नोकरी करणाऱ्या मुलींनी का बघावी? मैत्रीण म्हणते, दिवसभर राबून आल्यावर थोडं स्वप्न हवं. तिचं चूक नाही. पण स्वप्नातही काम करणाऱ्या बाईचा मान राहावा, एवढी माझी मागणी आहे.

'क्वीन ऑफ टीअर्स' (२०२४) तर दोन तुकड्यांची मालिका आहे. हीही पार्क जी-उनचीच. सुरुवातीला ती थक्क करते. उद्योगपतीच्या घरात पितरांच्या विधीचा स्वयंपाक मुली-सुना करत नाहीत, उच्चशिक्षित जावई कंबर कसून करतात आणि भाज्या तळता तळता कुरकुरतात. पितृपक्षात चार माणसांचं पान वाढण्यासाठी पहाटे चारला उठलेल्या कुठल्याही मराठी बाईला हा प्रसंग दाखवा. नायक ह्यून-वू खेड्यातल्या दुकानदाराचा मुलगा आणि मोठ्या घरचा जावई. सुनेचं दुःख त्याच्या अंगावर घालून लेखिकेने ते पुरुषांना दाखवलं. पण पुढे मेंदूचा आजार, स्मृती जाणं, अपहरण, गोळीबार. शेवटच्या भागाला कोरियात जवळजवळ २५ टक्के प्रेक्षक मिळाले, त्या वाहिनीचा तो विक्रम ठरला. तरीही मला म्हणायचं आहे की ही मालिका पहिल्या तीन-चार भागांत जेवढी धाडसी होती, तेवढी पुन्हा झाली नाही.

नायकाच्या मागे उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या मुलाबद्दल मुली फार हळव्या असतात. 'स्टार्ट-अप'मधल्या जी-प्योंगसाठी आमच्या कारखान्यात अजून वाद होतात. माझं मन अडकलं आहे 'रिप्लाय १९८८'मधल्या जंग-ह्वानमध्ये. सगळे शेजारी एकमेकांकडे भरलेल्या वाट्या पाठवणारी ती गल्ली, आणि त्या गल्लीतला हा अबोल मुलगा. ज्या मुलीवर त्याचा जीव आहे, तिच्यापर्यंत पोहोचायला त्याला उशीर होतो, सिग्नलवर थांबावं लागतं. मग तो स्वतःशी कबूल करतो की आड आला तो सिग्नल नव्हे, आपलंच कचरणं. खलनायक नसतानाही प्रेम हातचं जातं, हे इतक्या साधेपणाने मी दुसरीकडे पाहिलं नाही.

भाषांतर करून सांगताना माझी खरी अडचण होते ती वेगळीच. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. पण कोरियनमध्ये आदराने बोलताना वाक्याच्या शेवटी 'यो' लागतो आणि सलगी झाली की तो गळतो. आईचा कान आता इतका तयार झाला आहे की माग चालू असतानाही तिला तो 'यो' गेल्याचं कळतं. "आता जवळ आले," ती सांगते, आणि मी 'तुम्ही'वरून 'तू'वर येते. इंग्रजी ओळीत हे काहीच नसतं. पूर्ण मालिकेतली सर्वांत नाजूक जागा त्या ओळीतून गळून पडलेली असते. मराठीला ती आयती पकडता येते, कारण अहो आणि अरे यांच्यामधलं अंतर आपल्या घरांत रोज मोजलं जातं. या मालिका चांगल्या लेखकाच्या हातून मराठीत याव्यात असं मला वाटतं ते यासाठीच. 'ओप्पा'ला मात्र मी हात लावत नाही. थोरल्या भावाला आणि प्रियकराला एकच शब्द, आणि आपल्याकडे दादा म्हटलं की राखीच आठवते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, म्हणजे २०२५ला, 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' आली. लिम सांग-चुन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची. याआधी तिने 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स'मध्ये एकट्या आईला खेकडे विकणाऱ्या बायकांच्या बाजारात उभं केलं होतं. इथे जेजू बेट आहे. नायिका ए-सूनची आई समुद्रात बुडी मारून कालवं-शिंपले काढणारी, कोरियन भाषेत हेन्यो. ती २९व्या वर्षी जाते. ए-सूनला कविता लिहायच्या असतात. नायक ग्वान-शिक बोलतो कमी. लग्नाआधी तिच्या कोबीच्या ढिगाशेजारी उभा राहून तो तिचे कोबी विकतो, ती पुस्तक वाचत बसते. "हा पोटासाठी काय करतो?" हा प्रश्न आईने या एकाच मालिकेत विचारला नाही. पहिल्या भागापासून सगळ्यांचे हात कामात दिसत होते, माशांचे खवले, मीठ, ओले दोर.

लग्नानंतर ए-सून सासरी येते. जेवताना पुरुष एका मेजावर, बायका आणि लहान मुलगी मागे दुसऱ्या मेजावर, उरलंसुरलं समोर घेऊन. ग्वान-शिक पुरुषांच्या मेजावर बसलेला असतो. तो काही बोलत नाही. आपली वाटी उचलतो, बसल्या जागी वळतो, बाप आणि बाकीच्या पुरुषांकडे पाठ करतो आणि बायको-मुलीसमोर जेवायला लागतो.

आईने तो प्रसंग परत लावायला सांगितला. दोनदा. आमच्याकडे सणाला पुरुषांची पंगत आधी बसायची आणि आई ताटं वाढून झाल्यावर स्वयंपाकघरात चुलीशी जेवायची, हे मला आठवलं. तिलाही आठवलं असणार, पण ती त्याबद्दल बोलली नाही. मालिकेत त्या दोघांचं लग्न झाल्यापासून ए-सूनच्या तोंडी मी सवयीने 'अहो' घालत होते. मूळ बोलण्यात ती त्याच्याशी लहानपणासारखीच सलगीने बोलत होती, 'यो' कुठेच नव्हता. आईने हात करून मला थांबवलं.

"तिला 'अरे'च म्हणू दे," ती म्हणाली. "त्याला चालतंय."

पुढचे सगळे भाग मी तसेच सांगितले.