रत्नागिरीच्या मैदानांवरील हौशी छायाचित्रण

रत्नागिरी जिल्ह्यातील क्रीडांगणांवर गेल्या दहा-बारा वर्षांत जी हौशी छायाचित्रकला उदयास आली, तिचा विस्तार लक्षात घेता तिची साक्षेपी चिकित्सा अद्याप होऊ नये, ही खेदाची बाब आहे. थंडीतल्या रात्रीच्या कबड्डी स्पर्धा, मे महिन्यातले टेनिस चेंडूचे क्रिकेट, शाळांचे खो-खोचे सामने आणि भर पावसात शेतात होणाऱ्या नांगरणी स्पर्धा यांची चित्रे आज सामना आटोपण्याच्या आतच व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टाग्रामवर पोहोचतात, आणि परळपासून विरारपर्यंत पांगलेला चाकरमानी आपल्या वाडीच्या पोरांची चढाई त्याच रात्री पाहतो. ज्या खेळांच्या वाट्याला वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर निकालाच्या चार ओळी आल्या तरी पुष्कळ, त्या खेळांना या हौशी छायाचित्रकारांनी दृश्यरूप दिले, हे त्यांचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे.

तंत्राच्या बाबतीत ही प्रगती खरोखर स्तिमित करणारी आहे. गावच्या मैदानावर चार बांबूंना बांधलेल्या दिव्यांचा प्रकाश तो किती. त्यात चढाईपटूची झेप स्पष्ट टिपायची, तर सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शाहून अधिक काळ कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवून चालत नाही, आणि म्हणून आयएसओ ६४०० किंवा त्याहूनही वर नेल्यावाचून गत्यंतर नसते. दिवे हलक्या प्रतीचे असले की त्यांच्या लपलपण्याने चित्रावर काळे पट्टे उमटतात ते वेगळेच. मोठी भिंगे परवडत नाहीत म्हणून पन्नास मिलिमीटरच्या साध्या भिंगावर भिस्त ठेवून, मैदानाच्या अगदी कडेला मांडी ठोकून, अंगावर कोसळणारी पकड चुकवीत या मुलांनी हे कसब कोणत्याही गुरूविना साधले आहे.

परंतु कसब वाढले त्या मानाने दृष्टी रुंदावली नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. कबड्डीची शंभर चित्रे पाहावीत, तर त्यांपैकी बहुतेकांत पकडीत सापडलेला चढाईपटू, ताणलेली मान आणि उडालेली लाल माती एवढेच दिसते. हे दृश्य रोमहर्षक असते यात संशय नाही. पण खेळ त्याच्या आधीच घडून गेलेला असतो. मैदानात सहा किंवा अधिक बचावपटू असताना चढाईपटू बोनस रेषेपलीकडे एक पाऊल टेकवतो आणि त्या क्षणी त्याचे दुसरे पाऊल अधांतरी असावे लागते; हा सूक्ष्म प्रसंग जमिनीलगत धरलेल्या कॅमेऱ्याला नेमका दिसू शकतो, आणि पंच व प्रेक्षक यांच्यात ज्यावरून कायम हुज्जत चालते, तोच चित्रांत अभावाने आढळतो. कोपऱ्यावरचा खेळाडू शेजाऱ्याचा हात धरून अर्धे पाऊल मागे सरतो, साखळी आतून आवळली जाते, त्या तयारीचे चित्रही क्वचितच कोणी काढतो.

खो-खोची उपेक्षा याहून अधिक आहे. एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आठ खेळाडू, त्यांच्यामधून नागमोडी पळणारा संरक्षक, आणि पाठीमागून ‘खो’ मिळताक्षणी उठणारा नवा आक्रमक, ही सगळी रचना म्हणजे परस्परसंबंधांचा खेळ. तिच्यातून खांबाजवळचा सूर तेवढा निवडून काढला की छायाचित्र आकर्षक होते, मात्र खेळ नाहीसा होतो. त्यात मोबाइलच्या उभ्या पडद्यासाठी चित्र कापण्याचा शिरस्ता पडल्याने, ज्या खेळाचा सारा प्राण आडव्या रांगेत आहे, त्याची रांगच छाटली जाते.

नांगरणीच्या छायाचित्रकारांनी मात्र या मोहावर काही अंशी मात केलेली दिसते. गावठी आणि घाटी अशा वेगवेगळ्या गटांत जोड्या उतरतात, चिखल उसळतो, भिंगावर पाणी चढते. तरीही या चित्रांत बांधावरची छत्र्यांची गर्दी, मागे धुक्यातला डोंगर आणि जोडीमागे घोट्यापर्यंत रुतत धावणारा शेतकरी हे सारे एकत्र नांदते. माझ्या मते या जिल्ह्यातील हौशी कलेचे अव्वल काम आज याच प्रकारात होत आहे.

आता प्रसाराविषयी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेले चित्र आकाराने घटते आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख-वेळही गळून पडते. तिसऱ्या गटावर पोहोचेपर्यंत ते कोणी, कुठे, कधी काढले याचा मागमूस उरत नाही. कोपऱ्यात छायाचित्रकाराचे नाव ठळक अक्षरांत झळकते, खेळाडूचे नाव मात्र नसते, आणि खाली ‘वाघ’, ‘ढाण्या’ असल्या विशेषणांचा वर्षाव. पन्नास वर्षांनी कोणी या जिल्ह्याच्या कबड्डीचा इतिहास लिहू म्हणेल, तर त्याच्या हाती हजारो चित्रे असतील आणि एकाही चित्राचा दाखला देता येणार नाही. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले, त्या काळी छायाचित्रच दुर्मिळ होते. आजचे दारिद्र्य नोंदीचे आहे, आणि ते आपणच ओढवून घेतलेले आहे.

वास्तविक उपाय हाताशी आहे. प्रत्येक रीतसर सामन्यात गुणलेखकाच्या टेबलावर गुणपत्रक असते. त्यात दोन्ही संघ, तारीख, खेळाडूंची नावे आणि त्यांच्या बनियनवरचे क्रमांक हा सर्व तपशील सामना सुरू होण्यापूर्वीच लिहिलेला असतो. छायाचित्रकार त्या टेबलापासून दहा पावलांवर बसतो. पहिली चढाई होण्याआधी उठून त्या कागदाचे एक चित्र त्याने घ्यावे, आणि रात्री चित्रे धाडताना क्रमांक पाहून नावे लिहावीत. शालेय मुलामुलींच्या बाबतीत नावे खुली करण्यापूर्वी क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना विचारावे, आणि मूळ फाइली गावच्या क्रीडा मंडळाच्या दप्तरी एखाद्या हार्ड डिस्कवर सालवार जमा कराव्यात.