साल्बाईच्या तहाच्या तारखा व पैवस्तीचें महत्त्व

साल्बाईचा तह १७ मे १७८२ या एकाच तारखेनें सांगण्याचा प्रघात आहे. त्या दिवशीं ग्वाल्हेरीनजीक साल्बाई मुक्कामीं महादजी शिंदे व इंग्रजांचे वकील डेव्हिड अँडर्सन यांनीं तो ठरविला हें खरें. परंतु कलकत्त्याच्या कौन्सिलची मान्यता ६ जूनची, पेशव्यांच्या वतीनें नाना फडणिसांची मान्यता २० डिसेंबरची आणि प्रतींची अदलाबदल २४ फेब्रुवारी १७८३ ची आहे. कलकत्त्यास वीस दिवस पुरले. पुण्यास सात महिने लागले. साल्बाईहून कलकत्ता कांहीं पुण्यापेक्षां जवळ नाहीं. सबब हा विलंब वाटेचा नव्हे, मसलतीचा होय.

मसलतीचें कारण उघड आहे. १७८० सालीं नानांनीं हैदरअल्लीशीं इंग्रजांविरुद्ध सख्य केलें होतें. आतां या तहान्वयें त्याच हैदराकडून इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा जिंकलेला मुलूख सोडविण्याचें पेशव्यांच्या गळ्यांत पडत होतें. शिवाय साष्टी इंग्रजांकडेच राहत होती. तह स्वीकारावा तर दोस्ताशीं वचनभंग. नाकारावा तर उभय पक्षांस जामीन राहिलेल्या महादजीची बोली खोटी पडावी, आणि इंग्रजांनीं राघोबादादांचा पक्ष सोडण्याचें जें कलम मिळालें तेंहि जावें. हैदर कर्नाटकांत लढत होता तोंवर इंग्रजांस तहाची गरज होती, व तोंवरच नानांच्या मौनास किंमत होती.

ग्रांट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत हा विलंब हैदराशीं चाललेल्या संधानाशीं जोडला आहे, तो योग्यच. पण पुढें हैदर ७ डिसेंबरास वारला व तेराव्या दिवशीं मान्यता झाली, एवढ्यावरून पहिली गोष्ट दुसरीचें कारण होय असें मानण्याची जी वहिवाट पडली आहे, ती तपासून पाहण्याजोगी आहे. हैदर चित्तूरनजीक छावणींत वारला. टिपू तेव्हां मलबारांत होता, आणि तो येऊन पोंचेपर्यंत कारभाऱ्यांनीं मृत्यु गुप्त ठेवण्याची खटपट केली. ही बातमी २० तारखेपूर्वीं पुण्यास कळली होती काय? कळली असल्यास नानांनीं निरुपायानें मान्यता दिली. कळली नसल्यास दोस्त हयात आहे असें समजूनच त्यांनीं त्यास सोडलें. या दोहोंतील नाना एक नव्हेत. विलंबानें साष्टी परत आली नाहीं, हें मात्र दोन्ही पक्षीं कायम.

या वादाचा निकाल दोन तारखांच्या शेजारानें लागणार नाहीं, पैवस्तीनें लागेल. पत्र लिहिल्याची मिती लेखकाचा हेतु सांगते. पोंचल्याची मिती वाचणाराचें ज्ञान सांगते. राजकारणांतील दिरंगाई बुद्ध्या केलेली कीं जासुदाच्या पायांनीं घडलेली, हें ठरविण्यास दुसरें साधन नाहीं. असें असतां दप्तरांच्या नकला करतांना मजकूर तेवढा उतरून घेतात आणि पाठीवरचा पैवस्तीचा शेरा गाळतात. जीर्ण कागद चिकटवितांना तोच शेरा खळीखालीं जातो. दक्षिणेंतील बातम्यांचीं १७८२ अखेरचीं पत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं एकवार उलटून पाहावीं. पाठीवरील एक ओळ हा प्रश्न सोडवूं शकेल.