तांब्यावरचं नाव

माझ्या साठीला भाच्याने मला पाण्याचा जग भेट दिला. भाचा डिझाइन शिकतो. आमच्या लहानपणी डिझाइन साडीवर असायचं, फार तर स्वेटरवर. ते शिकायला चार वर्षं आणि बापाचा प्रॉव्हिडंट फंड लागतो हे अलीकडे कळलं. जगाला कान नव्हता. "मामा, तो मुद्दामच नाहीये," भाचा म्हणाला. चोचही नव्हती, तीही मुद्दामच. पाणी ओतलं की निम्मं पेल्यात आणि निम्मं टेबलावर पडायचं. तेही मुद्दाम आहे का, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही. तेव्हापासून पाहुणे आले की आम्ही जग मांडून ठेवतो आणि पाणी द्यायला आतून तांब्या आणतो.

हे एकदा भाच्यासमोर बोलून गेलो. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एक छोटेखानी अहवाल आणून दिला. "वाच. तुझ्याच बाजूचा आहे." चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन नवरा-बायकोने आपल्या सरकारला १९५८ साली दिलेला तो अहवाल. लघुउद्योगांच्या मालाचा दर्जा टिकवायला डिझाइनचा काय उपयोग होईल ते सांगा, असं सरकारने त्यांना विचारलं होतं. खर्चाचा भार फोर्ड फाउंडेशनने उचलला होता. दोघं तीनेक महिने देशभर हिंडले आणि त्यांनी लिहिलेल्यातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. सरकारी अहवालातून काहीतरी उभं राहिलं, एवढ्यावरूनच तो वाचनीय असणार हे मी ओळखलं. उघडला तर आरंभालाच भगवद्गीता! कर्म करावं, फळाची आशा धरू नये. सरकारला अहवाल देणाऱ्या माणसाला याहून योग्य आधार दुसरा कुठला मिळणार?

हे इम्स काही साधेसुधे गृहस्थ नव्हते. १९४१ साली लग्न झालं आणि लॉस एंजेलिसच्या भाड्याच्या घरात त्यांनी संसाराऐवजी प्लायवूड मांडलं. घरीच एक यंत्र जुळवून ते प्लायवूड वाकवत बसायचे. शेजाऱ्यांचं काय मत होतं, ते चरित्रकारांनी नोंदवलेलं नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या नौदलाला जखमी खलाशांच्या मोडक्या पायांना आधार द्यायला खपाट्या हव्या होत्या. त्या यांनी वाकवलेल्या प्लायवूडच्या करून दिल्या आणि त्या जवळजवळ दीड लाख निघाल्या. मग तीच विद्या खुर्च्यांना लावली. आधी मोडक्या पायाला आधार दिला, नंतर धडधाकट पाठीला. १९५६ साली त्यांनी कातड्याची जी आरामखुर्ची केली ती अजूनही विकली जाते, आणि तिची किंमत नुसती ऐकली तरी माणसाला बसायला खुर्ची लागते.

तर अशा माणसांनी आपल्या देशात काय पाहावं? देवळं पाहिली असतील, पैठण्याही पाहिल्या असतील. पण पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांनी पहिला नंबर दिला लोट्याला! आमच्या घरात 'लोटा' म्हटलं की मंडळी जरा दबकतात, कारण तो सकाळी कुठे जायचा हे सर्वांना ठाऊक असतं. इम्सना अभिप्रेत असलेला लोटा म्हणजे आपला तांब्या. (तो पितळेचा असला तरी तांब्याच. हे अमेरिकन माणसाला समजावून सांगायला दुसरा अहवाल लागेल.)

खरी बहार पुढेच आहे. समजा हा तांब्या आज नव्याने करायचा ठरवला, तर काय काय विचारावं लागेल? इम्स प्रश्नांची रांगच लावतात. पाणी किती मावावं? हात बाईचा की पुरुषाचा? न्यायचा कसा, डोक्यावर, कमरेवर की हातात? भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे? ओतताना पाणी कसं वळतं? तळव्यात कसा बसतो? वाजवला तर कसा वाजतो? विकायला कसा, भेट द्यायला कसा? आणि शेवटी मोडीत घातला तर काय येईल? मोडीचा भावसुद्धा विचारणारा हा कलासमीक्षक मला एकदम घरचाच वाटला. आजवर कादंबऱ्यांवर पुष्कळ टीका वाचली, पण एखाद्या कृतीकडे इतकं नीट पाहिलेलं क्वचितच आढळलं. हेच प्रश्न मी आमच्या जगाला विचारून पाहिले. 'वाजवला तर' एवढ्या एकाच प्रश्नात तो पास झाला.

पण अहवालात एक जागा मला खटकली. इम्स म्हणतात, तांब्या कुणा एका माणसाने केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी मिळून घडवला आहे. कबूल. पण 'कुणा एकाने केलेला नाही' इथून निघालेलं वाक्य 'कुणीच केलेला नाही' इथे पोचायला फार वेळ लागत नाही. तांब्याच्या करणावळीचा प्रश्न अहवालात आहे, करणाऱ्याचा नाही. गावच्या बायका चिंचेने आणि राखेने घासून पितळेचं सोनं करतात, याचं त्यांना भारी कौतुक. त्या बायकांच्या बोटांचं काय होतं, ते त्यांनी माझ्या आईला विचारायला हवं होतं.

गंमत अशी की नाव गाळलं जाणं म्हणजे काय, हे या जोडप्याच्या घरातच माहीत होतं. १९४६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या फर्निचरचं प्रदर्शन भरलं, त्यावर नाव एकट्या चार्ल्सचं. रे मूळची चित्रकार, दोघं एकत्रच काम करणारी. पण पुढे टेलिव्हिजनवर तिची ओळख झाली ती यजमानांना मदत करणारी सौभाग्यवती म्हणून. चार्ल्स २१ ऑगस्ट १९७८ला गेला. रे बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला गेली. आता पुस्तकांत दोघांची नावं जोडीने छापतात.

या धंद्यात नाव कसं मिळवावं ते रेमंड लोवीकडून शिकावं. जन्म पॅरिसचा, मुक्काम अमेरिकेचा. रेल्वेच्या इंजिनापासून सिगरेटच्या पाकिटापर्यंत त्याने हात लावला नाही अशी वस्तू नाही. १९४९ साली 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकला. त्याने १९३३ साली पेन्सिलीला टोक काढायचं एक यंत्र काढलं होतं, वारा कापत जाणाऱ्या विमानासारख्या आकाराचं. आता टोक काढताना टेबलावर वारा किती सुटतो? ते यंत्र बाजारात आलंच नाही. याच्या उलट तो लंडनचा हॅरी बेक. हा भुयारी रेल्वेत विजेचे आराखडे काढणारा माणूस. त्याने फावल्या वेळात गाडीचा सरळ रेघांचा नकाशा काढला. साहेबांनी आधी तो परत केला, मग १९३३ साली छापला आणि हातावर थोड्याशा गिनी टेकवल्या. १९६० साली त्याच धर्तीचा नवा नकाशा निघाला, तो दुसऱ्याच्या नावाने. बेक १९७४ साली वारला. आता नकाशाच्या कोपऱ्यात त्याचं नाव असतं.

अहवाल मिटवला आणि मला एकदम आठवलं, की गेल्या दिवाळीत आम्ही जुनी भांडी पोत्यात भरली होती. मोडीत घालायला. आई ब्याऐंशीची आहे. तिने पोत्यात हात घालून एक तांब्या परत काढला होता आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. तोच तांब्या आम्ही पाहुण्यांना आणतो.

भाच्याला दाखवला. त्याने तो उलटासुलटा केला, तळहातात धरला, टिचकी मारली. गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलं होतं : 'चि. सौ. कां. कुसुम हिस आत्याकडून सप्रेम'. 'सप्रेम'मधला रकार कोरणारा विसरला होता. देणारीचं नातं होतं, घेणारीचं नाव होतं. मठारकामाचे ठोके तळापर्यंत एकसारखे उतरले होते, एका जागी मात्र जरा दाट.

"आजी, हा केला कुणी?"

"तांबट आळीतल्या एकाने. आत्याबरोबर मीच गेले होते. त्याला ऐकू येत नव्हतं, सगळा भाव ओरडून करावा लागला. नाव कोण विचारणार ओरडून?"

भाच्याने वही काढली आणि 'ऐकू येत नव्हतं' एवढंच लिहिलं. मग तो ते दाट ठोके बोटाने चाचपत बसला. आईला वाटलं, त्याला तहान लागली आहे. तिने तांब्या काढून घेतला, भरून आणला आणि म्हणाली, "धर ओंजळ."

टेबलावर थेंब सांडला नाही.