जोसॉनकालीन चिनी मातीचे समाधिलेख : पूर्वजपूजा, संहिता आणि संग्रहालय

प्रस्तावना :
कोरियातील जोसॉन राजवटीच्या (इ.स. १३९२ ते १९१०) काळात मृत व्यक्तीचे नाव, कुळ, जन्ममृत्यूच्या तिथी, भूषविलेली पदे आणि वंशविस्तार यांची नोंद असलेले फलक थडग्याजवळ पुरण्याची प्रथा होती. हे फलक आरंभी बहुधा दगडी असत. पुढे पांढऱ्या चिनी मातीच्या फलकांवर कोबाल्टच्या निळ्या किंवा लोहयुक्त तपकिरी रंगात मजकूर लिहून, त्यावर झिलई देऊन ते भाजण्याची पद्धत रूढ झाली. कोरियन भाषेत त्यांना 'जिसॉक' किंवा 'म्योजी' म्हणतात. संग्रहालयांच्या सूचींत त्यांची गणना सामान्यतः मृत्पात्रकलेत होते. हे वर्गीकरण सोयीचे असले तरी या वस्तूंच्या आकलनात ते अडसर ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम संज्ञेचा प्रश्न. मराठीत 'स्मृतिफलक' हा शब्द वापरला की दोन भिन्न वस्तूंची गल्लत होते. एक म्हणजे 'शिन्जू', अर्थात घरातील पूर्वजस्थानी ठेवली जाणारी, प्रायः चेस्टनटच्या लाकडाची पट्टिका. तिच्यात पूर्वजाच्या आत्म्याचा वास मानला जातो, तिच्यापुढे अन्न व मद्य अर्पण केले जाते. आपल्याकडील देवघरातील टाकांची आठवण व्हावी अशी ही वस्तू आहे (साम्य तेवढ्यापुरतेच). दुसरी वस्तू म्हणजे जिसॉक. तिची पूजा होत नाही आणि ती कोणी पाहावी अशी अपेक्षाही नसते. १७९१ मध्ये युन जी-चुंग या कॅथलिक विद्वानाला व त्याच्या नातलगाला देहदंड झाला, तो कुळातील शिन्जू जाळल्याबद्दल; जमिनीखालच्या फलकांचा त्या वादाशी संबंध नव्हता. म्हणून जिसॉकसाठी 'समाधिलेख' हा शब्द अधिक योग्य ठरावा.

अनोळखी वाचक :
या प्रथेचा शास्त्राधार चू शी (इ.स. ११३० ते १२००) या चिनी तत्त्वज्ञाच्या नावावर असलेल्या 'कुटुंबविधी' या ग्रंथात सापडतो. त्यात दोन शिळा कोराव्यात, त्यांची लेखांकित अंगे समोरासमोर ठेवून त्या लोखंडी पट्ट्यांनी आवळाव्यात व थडग्याजवळ पुराव्यात असे सांगितले आहे. त्यामागील कारण विलक्षण आहे. कालांतराने डोंगरदऱ्या बदलतील, कोणी चुकून ती जागा खणील. तेव्हा शव उघडे पडण्याआधी त्याच्या हाती ही शिळा लागावी, आणि नाव ओळखणाऱ्याने जागा पुन्हा झाकून टाकावी. म्हणजे या लेखाचा अपेक्षित वाचक मुलगा किंवा नातू नाही. शेकडो वर्षांनंतर फावडे घेऊन येणारा, कुळाशी कसलेही नाते नसलेला माणूस हा त्याचा वाचक आहे, आणि त्याला केलेली विनंती एकच आहे : वाचून झाल्यावर माती लोटून द्यावी.

दगडाऐवजी चिनी माती का, याचे उत्तर याच हेतूत आहे. झिलईखालचे अक्षर ओलाव्याने झिजत नाही, फलक हलका असतो, आणि मजकूर लांबला तर फलकांची संख्या वाढविता येते. सेओलच्या आग्नेयेस ग्योंगी प्रांतातील ग्वांगजू येथे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बुनवॉन या राजकीय भट्ट्या होत्या. निळ्या रंगासाठी लागणारा कोबाल्ट चीनमार्गे येई व महाग पडे. जपानी (१५९२ ते १५९८) व मांचू (१६२७, १६३६) आक्रमणांनंतर तो दुर्मीळ झाला, तेव्हा लोहरंगाचा वापर वाढला.

प्रत्येक लेखावर तिथी असल्यामुळे मृत्पात्रांचा काळ ठरविणाऱ्या अभ्यासकांना हे फलक अनमोल वाटतात. राजा सेजोच्या सासूचा, म्हणजे ह्युंगन्योंग या किताबाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीचा, १४५६ चा समाधिलेख हा निळ्या-पांढऱ्या कोरियन मृत्कलेच्या प्रारंभकाळाचा पुरावा म्हणून उद्धृत होतो. परंतु ही स्त्री आपणास तिचा किताब आणि इंचॉनच्या यी कुळाची कन्या एवढ्याच ओळखीने भेटते. अनोळखी माणसाने नाव ओळखावे म्हणून पुरलेल्या लेखांत स्त्रियांची ओळख अशी माहेरच्या कुळावर आणि किताबावर भागविली जाते. रंगाच्या छटेवर पाने खर्ची घालणाऱ्या विवेचनात या विसंगतीस क्वचितच जागा मिळते.

पित्याने लिहिलेला लेख :
संहिता म्हणून हे लेख बहुतांशी साचेबद्ध आहेत. कुटुंबाने चरित्रटिपण द्यावे, नामवंत विद्वानाने अभिजात चिनीत गौरवपर गद्य व शेवटी पद्य रचावे, हा शिरस्ता. दोष सांगण्याची रीत नाही. या पार्श्वभूमीवर १७६२ मधील युवराज सादोचा समाधिलेख सर्वस्वी वेगळा उभा राहतो.

राजा योंगजोने आपल्या या पुत्रास धान्याच्या पेटीत कोंडले व आठ दिवसांनी त्याचा अंत झाला, ही घटना सर्वश्रुत आहे. मृत्यूनंतर राजाने त्याचे युवराजपद परत केले आणि 'सादो' हे मरणोत्तर नाव दिले. स्मरण आणि शोक असा त्या दोन अक्षरांचा भाव आहे. समाधिलेखही राजाने स्वतः रचला. त्यात पुत्राच्या वर्तनावर ठपका आहे, या वयात पित्यावर असे कृत्य करण्याची वेळ आणल्याची तक्रार आहे, आणि त्याच वाक्यांतून शोकही वाहतो. पुत्राने पित्याचे स्मरण करावे या पितृभक्तीच्या मूलसूत्राची येथे उलटापालट झाली आहे. ज्याने मारले तोच स्मरण लिहितो. हा पश्चात्ताप की राजकीय समर्थन, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. माझ्या मते तो निकाली निघणार नाही, कारण लेखाचा वाचक दरबार नसून भविष्यातील अनोळखी माणूस आहे. त्याच्यापुढे राजाला आपली बाजू मांडावीशी वाटली, हेच अधिक बोलके आहे. (सादोची पत्नी ह्येग्योंग हिच्या आठवणी याच प्रसंगाची तिसरी बाजू सांगतात, त्या जमिनीवर राहिल्या व वाचल्या गेल्या.)

सादोचा पुत्र राजा जोंगजो याने १७८९ मध्ये पित्याचे थडगे सुवॉनजवळ हलविले आणि तेथे स्वतः रचलेला नवा लेख ठेवला. आजोबांचा लेख मात्र जुन्या जागी, सेओलमध्येच राहिला. १९६८ मध्ये तो मातीतून बाहेर आला व आज कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याला झाकण्यासाठी तेथे शव उरले नव्हते.

परत आलेले फलक :
इतर फलकांचे तसे नाही. यी सॉन-जे या अधिकाऱ्याचा १४५४ चा लेख चिनी मातीचा नसून 'बुन्चॉंग' प्रकारचा, आणि आकाराने चक्क शिन्जूसारखा आहे. म्हणजे वर केलेला भेद कारागिरांनीही नेहमी पाळला नाही. तो चोरीस जाऊन १९९८ मध्ये जपानला पोहोचला. तत्पूर्वी एका विमानतळावरील परीक्षकाने त्याचे रेखाटन करून ठेवले होते, आणि त्याच रेखाटनाने पुढे त्याची ओळख पटली. २०१७ मध्ये जपानी मालकाच्या कुटुंबाने तो परत दिला. आता तो दक्षिणेकडील ग्वांगजू येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे (भट्ट्यांचे ग्वांगजू वेगळे). अमेरिकेतील क्लीव्हलँड कलासंग्रहालयाने २०२२ मध्ये सेनाधिकारी यी गी-हा (१६४६ ते १७१८) याचे १७३४ मध्ये घडविलेले अठरा फलक त्याच्या हानसान यी कुळास परत केले. कुळाने ते दक्षिण चुंगचॉंग प्रांतातील इतिहास-संस्कृती संस्थेकडे सुपूर्द केले.

या परतीचे स्वागत राष्ट्रीय वारसा परत मिळाला अशा शब्दांत झाले. ते योग्यच आहे. परंतु फलक थडग्याकडे नव्हे, भांडारगृहाकडे परतले. पुन्हा पुरले तर पुन्हा चोरीस जातील ही भीती खरी आहे, आणि वंशजांची संमतीही आहे. तरीही त्या फलकांशेजारच्या माहितीपट्टीवर रंग, झिलई व मापे यांच्याबरोबर मजकुराचा संपूर्ण अनुवाद आणि मूळ दफनस्थळाचा निर्देश असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. अठरा फलकांवरचा मजकूर ज्याच्यासाठी लिहिला, तो अनोळखी वाचक आता काचेच्या अलीकडे उभा आहे, आणि त्याला बहुधा अभिजात चिनी वाचता येत नाही.