कैरो नगराविषयीं डिकन्सची साक्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ओहायो व मिसिसिपी या नद्यांच्या संगमावर कैरो नांवाचें एक लहान नगर आहे. तेथील लोक त्याचा उच्चार ‘केरो’ असा करितात. या नगराचा विषय निघाला कीं चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराची साक्ष बहुधा काढली जाते. ‘अमेरिकन नोट्स’ (१८४२) या प्रवासवर्णनांत त्यानें येथील दलदल, रोगट हवा व अर्धवट बांधलेलीं घरें यांची निर्भर्त्सना केली. ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरींतील ‘ईडन’ हें फसवें नगरही यावरूनच रचिलें, असें मानण्यांत येतें. नगर आज ओसाड होत चालल्यामुळें त्याच्या शब्दांस भविष्यवाणीचें मोल आलें आहे. ही साक्ष कितपत ग्राह्य आहे, हें आम्हांस पाहावयाचें आहे.

डिकन्स खोटें लिहितो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु साक्षीदार कोठें व केव्हां उभा होता, याचा विचार पत्राच्या मितीइतकाच अवश्य आहे. त्यानें हें स्थळ एप्रिल १८४२ मध्यें आगबोटीच्या प्रवासांत पाहिलें. १८३७ त डेरियस होलब्रुक यानें नगर वसविण्यासाठीं कंपनी काढली व लंडनच्या जॉन राइट यांच्या पेढीमार्फत कर्जरोखे विकले. १८४० त ती पेढी बुडाली आणि कामगार पांगले. म्हणजे डिकन्सनें पाहिलें तें दलदलीनें मारिलेलें नगर नव्हे, तर दिवाळें निघून अर्ध्यावर टाकिलेलें काम होय.

पुढील वृत्त तर त्याच्या विरुद्धच जातें. १८५६ त इलिनॉय सेंट्रल रेल्वे पुरी होऊन येथें पोंचली. १८६१ त सेनापति ग्रँट यानें येथें तळ दिला व येथूनच निघून १८६२ च्या फेब्रुवारींत हेन्री व डोनेल्सन हे किल्ले घेतले. १९२० त लोकवस्ती १५,२०३ होती. १९३७ च्या महापुरांतही बांधांच्या आड नगर वांचलें.

मग ऱ्हास कशानें झाला? १८८९ त ओहायोवर रेल्वेचा पूल झाला. पूर्वीं गाडीचे डबे नावेवर घालून पार न्यावे लागत, तो उताराचा धंदा बसला. पुढें मोटाररस्त्यांचे पूल झाले व वाहतूक नगरास वळसा घालून जाऊं लागली. दुसरें कारण अधिक लज्जास्पद आहे. १९०९ त येथें जमावानें एका कृष्णवर्णी मनुष्यास भररस्त्यांत ठार मारिलें. १९६७ त एक कृष्णवर्णी सैनिक पोलिसकोठडींत मृत आढळला व दंगे झाले. १९६९ पासून कृष्णवर्णी नागरिकांनीं गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. त्यांस नोकरीस ठेवण्यापेक्षां कित्येक दुकानदारांनीं दुकानेंच बंद केलीं. २०२० च्या खानेसुमारींत अवघीं १,७३३ माणसें उरलीं.

सारांश, डिकन्सची वाणी व नगराचा ऱ्हास यांचा संबंध केवळ काकतालीय आहे. त्याचा ग्रंथ १८४२ च्या स्थितीपुरता अस्सल कागद समजावा. पुढील काळास तो लावूं नये. सगळा दोष दलदलीवर घातला म्हणजे माणसांनीं केलेलें माणसांच्या पदरीं पडत नाहीं. इतिहासानें ही सूट कोणासही देऊं नये, असें आमचें नम्र मत आहे.