दोर नसताना दोर ओढायची गाणी

मंडळी, मला गाण्यातलं फारसं कळत नाही, हे आमच्या घरी सर्वमान्य आहे. एम.एस्सी. इथलीच, नोकरी कॉम्प्युटरची. तरीही परीक्षण लिहायला बसलोय, कारण उन्हाळ्यात नॉरफोकला ऐकलेले 'शेरिंगहॅम शँटीमेन' अजून डोक्यातून जात नाहीत.

शेरिंगहॅम हे उत्तर समुद्राकाठचं गाव. तिथल्या लाइफबोटीच्या स्वयंसेवकांतून १९९० साली हा गट निघाला. समुद्रात कोणी अडकलं की हातातलं काम टाकून बोट घेऊन धावायचं, हे या स्वयंसेवकांचं काम. १८२४ साली स्थापन झालेली आर.एन.एल.आय. ही संस्था मुख्यतः देणग्यांवर चालते. या गाण्यांतूनही तिच्यासाठी पैसा उभा राहतो.

शँटी म्हणजे शिडाच्या जहाजावरचं श्रमगीत. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपद उचलायचं आणि त्यातल्या ठरलेल्या ठोक्यावर सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा. आपल्या 'हैया हो'सारखंच. शीड चढवायची गाणी वेगळी, नांगर उचलायच्या चक्राभोवती फिरतानाची वेगळी. वाफेच्या बोटी आल्या, ते काम संपलं आणि गाणी मंचावर आली.

माझी तक्रार इथेच आहे. दोर ओढणाऱ्याला मध्ये श्वास घ्यावा लागतो. मंचावर दोर नाही, त्यामुळे ती उसंतही उरत नाही. लय चढते, श्रोते टाळ्या धरतात आणि सगळी गाणी पबमधल्या गाण्यासारखी वाटू लागतात. २०२१ च्या जानेवारीत 'वेलरमन' मोबाइलवर गाजलं, तेव्हाही तेच झालं. ते खरं तर न्यूझीलंडकडच्या देवमाशांच्या शिकारीचं कथागीत, पण सरसकट शँटी म्हणून खपलं.

संथ गाणी सुरू झाली आणि माझी तक्रार विरली. आवाज घोटलेले नव्हते, पण बुडालेल्या माणसाची ओळ कोणी रडवेली करून म्हटली नाही. साधी म्हटली आणि पुढे गेले. १९८१ च्या डिसेंबरात कॉर्नवॉलच्या पेनली लाइफबोटीवरचे आठही स्वयंसेवक परतले नाहीत. किनाऱ्यावरच्या माणसांना अशा ओळीत रंग भरावा लागत नाही.

परतताना लेकीने विचारलं, "बाबा, हे लोक खरंच बोटीवर जायचे? मग आमच्या कोळीनृत्यात टोपलीत काय होतं?" टोपलीत मी रंगवलेले थर्माकोलचे मासे होते! पण तिला विचारायचं होतं ते वेगळंच. मला उत्तर सुचलं नाही.

कोळीनृत्य बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. शेरिंगहॅमच्या मंडळींनी तरी कुठे शिडाची मालवाहू जहाजं हाकली आहेत? पण जुनं काम गेलं तेव्हा त्यांनी गाणं नव्या कामाला जोडलं. आपल्या मुलांना मात्र आपण फक्त स्टेप्स शिकवतो. येत्या गणपतीत नाचाआधी पाच मिनिटं वल्हं कसं मारतात, ससून डॉकवर कोळणी पहाटे का जमतात, एवढं तरी सांगूया. नाच संपल्यावर तीच टोपली एखाद्या चांगल्या कामासाठी प्रेक्षकांत फिरवूया.

मासे मी रंगवीन. तेवढं मला जमतं.